जळगाव-भुसावळात बसून अमेरिकेचं नागरिकशास्त्र

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत स्थिरावते, आईवडिलांचं ग्रीन कार्ड होतं, त्यालाही पाच वर्षं होत येतात आणि मग नागरिकत्वाचा अर्ज भरायचं ठरतं. त्या अर्जानंतरच्या मुलाखतीत इंग्रजीची आणि अमेरिकेच्या नागरिकशास्त्राची परीक्षा असते. ही मंडळी हिवाळ्यात घरी येतात तेव्हा सामानात छापील प्रश्नांची एक चळत असते. भरताच्या वांग्यांचा हंगाम, घरातली लग्नं आणि नागरिकशास्त्राचा अभ्यास, सगळं एकाच वेळी चालतं. जळगाव, भुसावळ, फैजपूर, चोपडा या पट्ट्यातल्या अशा ज्येष्ठांचा अभ्यास आम्ही घेत आलो आहोत. त्यांना काय सोपं जातं, कुठे घोटाळा होतो आणि तो का होतो, ते इथे लिहितो.

सगळ्यात आधी हातातले कागद कोणत्या परीक्षेचे आहेत ते बघा. २० ऑक्टोबर २०२५ किंवा त्यानंतर नागरिकत्वाचा अर्ज, म्हणजे एन-४००, भरला असेल, तर १२८ प्रश्नांची नवी यादी लागू होते. अधिकारी त्यातले जास्तीत जास्त २० प्रश्न तोंडी विचारतात, १२ बरोबर आले की पास. बाराव्या बरोबर उत्तरालाच प्रश्न थांबतात आणि नऊ चुकले तरी थांबतात. अर्ज त्याआधीचा असेल, तर जुनी १०० प्रश्नांची यादी, १० प्रश्न, ६ बरोबर. आमच्याकडे येणारे कागद बहुतेक वेळा नात्यात कोणीतरी आधी पास झालेल्याचे असतात, म्हणजे शंभर प्रश्नांचे. दुसरी गफलत याहून बारीक आहे. २०२० च्या डिसेंबरात १२८ प्रश्नांची एक यादी आली होती आणि काही महिन्यांतच मागे घेतली गेली. तिची पीडीएफ अजून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. नवी यादी तिच्यावरच बेतलेली असली तरी हुबेहूब तीच नाही. म्हणून ही परीक्षा घेणाऱ्या यूएससीआयएस या अमेरिकी सरकारी खात्याच्या संकेतस्थळावरून '२०२५' लिहिलेली यादीच उतरवून घ्यावी. ती फुकट आहे. तिच्यासाठी कुणाला पैसे द्यायची गरज नाही.

घरी किती राहायचं, हाही अभ्यासाइतकाच महत्त्वाचा प्रश्न. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त अमेरिकेबाहेर राहिलात, तर तिथलं सलग वास्तव्य तुटलं असं धरलं जातं आणि ते तुटलं नाही हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. वर्ष किंवा जास्त झालं तर तुटतंच. शिवाय पाच वर्षांत निम्मा काळ, म्हणजे ३० महिने, प्रत्यक्ष तिथे काढलेला असावा लागतो. केळीचा घड उतरेपर्यंत थांबू, पुतण्याचं लग्न उरकून जाऊ, असं करता करता सात महिने झाले, की सगळी तयारी असूनही अर्ज अडकतो.

वयाच्या सवलतीबद्दल तर घरोघरी गैरसमज आहे. 'पासष्टी झाली, आता इंग्रजी माफ' असं सर्रास समजलं जातं. वयासोबत ग्रीन कार्डावरची वर्षंही मोजतात. पन्नाशी पूर्ण आणि २० वर्षं, किंवा ५५ वय आणि १५ वर्षं, असं असेल तर इंग्रजी माफ होतं आणि नागरिकशास्त्र दुभाष्यामार्फत मराठीत देता येतं. ६५ वय आणि २० वर्षं असतील, तर वीसच निवडक प्रश्नांचा अभ्यास, त्यातले १० विचारतात, ६ बरोबर हवेत. हे सगळं अर्ज भरला त्या दिवशीचं मोजतात. साठाव्या वर्षी मुलाकडे गेलेल्या आईवडिलांना पासष्टाव्या वर्षी यातली एकही सवलत बसत नाही. त्यांना इंग्रजी वाचणं, लिहिणं, बोलणं आणि १२८ प्रश्न, सगळंच करावं लागतं. हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावं, म्हणजे पुढचे महिने वाया जात नाहीत. स्मरणशक्तीचा किंवा तसाच गंभीर आजार असेल तर एन-६४८ नावाचा वैद्यकीय दाखला चालतो, पण तो अमेरिकेत परवाना असलेल्या डॉक्टरचाच लागतो. जळगावातल्या नामांकित डॉक्टरांनी दिलेलं पत्र सोबत जोडता येईल, पण त्या दाखल्याची जागा ते घेऊ शकत नाही.

आता मूळ विषय. १२८ पैकी ७२ प्रश्न शासनव्यवस्थेचे आहेत, ४६ इतिहासाचे आणि १० राष्ट्रचिन्हं व सणांचे. बरेच जण इतिहासापासून सुरुवात करतात, कारण तो गोष्टीसारखा वाटतो. आम्ही उलटं करायला लावतो. शासनव्यवस्था आधी. आपल्या ज्येष्ठांना भारताची व्यवस्था मुरलेली असते. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, आमदारकी, खासदारकी यांवर ते तासभर बोलू शकतात. हे ज्ञान फार उपयोगी पडतं आणि चुकाही त्याच्यामुळेच होतात. त्यामुळे प्रत्येक प्रश्नाला आम्ही एकच विचारतो: हे आपल्यासारखं आहे, की आपल्यापेक्षा वेगळं? वेगळं असेल तिथे लाल पेनाने खूण करायची. लाल खुणांची यादी पाठ झाली की निम्मी लढाई जिंकली.

राष्ट्रपतींपासून बघा. जळगावकरांना राष्ट्रपती म्हटलं की प्रतिभाताई पाटील आठवतात आणि त्या पदाकडे मान मोठा, पण कारभार पंतप्रधानांकडे, हेही माहीत असतं. अमेरिकेत पंतप्रधान नाहीतच. कार्यकारी शाखेचे प्रमुख राष्ट्राध्यक्ष, सैन्याचे सरसेनापती तेच, विधेयकावर सही करणारे आणि नकाराधिकार वापरणारेही तेच. मुदत चार वर्षं, आणि बाविसाव्या दुरुस्तीमुळे निवडून येता येतं ते दोनदाच. मंत्र्यांचंही तसंच. आपल्याकडे मंत्री झाला की सहा महिन्यांत संसदेचं सदस्य व्हावं लागतं, तिथे मंत्री काँग्रेसचा सदस्य असूच शकत नाही. ही एक गोष्ट नीट समजली की 'सत्तेची विभागणी', 'एक शाखा फार बलवान होऊ नये म्हणून काय आहे', 'तीन शाखा कोणत्या' हे सगळे प्रश्न आपोआप सुटतात. न समजता पाठ केलं, तर प्रश्नाचे शब्द जरा फिरले की माणूस गडबडतो.

'काँग्रेस' हा शब्द तर आमच्याकडचा हमखास सापळा. फैजपूरच्या १९३६ च्या अधिवेशनाच्या आठवणी ज्या घरांत अजून सांगितल्या जातात, तिथे काँग्रेस म्हणजे पक्षच. 'कायदे कोण करतं?' याला 'काँग्रेस' असं पाठ उत्तर येतं, पण पुढचा 'दोन मोठे पक्ष कोणते?' हा प्रश्न आला की तेच उत्तर पुन्हा तोंडून निघतं. तिथे काँग्रेस म्हणजे संसद, तिची दोन सभागृहं सिनेट आणि हाऊस ऑफ रिप्रेझेंटेटिव्हज, आणि पक्ष डेमोक्रॅटिक व रिपब्लिकन. हे तीनही प्रश्न एकापाठोपाठ विचारून घ्यावेत.

सिनेटला राज्यसभा समजायला हरकत नाही, मात्र दोन फरक लक्षात ठेवून. राज्यसभेत महाराष्ट्राला १९ जागा आणि गोव्याला एक, सिनेटमध्ये राज्य लहान असो की मोठं, प्रत्येकी दोनच. पन्नास राज्यं, म्हणून शंभर सिनेटर. दुसरं, राज्यसभेचे खासदार आमदार निवडतात, सिनेटर मात्र थेट जनता निवडते. मुदत दोन्हीकडे सहा वर्षांची, हे साम्य चांगलं लक्षात राहतं. उपराष्ट्रपती राज्यसभेचे सभापती, तसेच तिथले उपाध्यक्ष सिनेटचे, हेही साम्य. हाऊसमध्ये मताचा अधिकार असलेले ४३५ सदस्य, जागा लोकसंख्येनुसार, मुदत मात्र दोनच वर्षं. 'पाच' हे उत्तर लोकसभेच्या सवयीने येतं. आणि हाऊसचा सदस्य ज्या 'डिस्ट्रिक्ट'चा असतो तो जिल्हा नव्हे, मतदारसंघ. आपल्या एका जळगाव जिल्ह्यात जळगाव आणि रावेर असे दोन लोकसभा मतदारसंघ आहेत, हे उदाहरण दिलं की लगेच उमगतं.

न्यायालयाबाबत लाल खूण एकच. आपले सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६५ व्या वर्षी निवृत्त होतात. तिथे नऊ जागा आणि नेमणूक आयुष्यभराची. घटनादुरुस्त्या आपल्याकडे शंभराच्या पुढे, तिथे फक्त २७, त्यातल्या पहिल्या दहा म्हणजे बिल ऑफ राइट्स, नागरिकांच्या हक्कांची सनद. मतदानाविषयीच्या चार दुरुस्त्यांतली एक सांगा, असं विचारतात. सगळ्यात सोपी सव्विसावी, कारण १८ वर्षांचा मतदार ही गोष्ट आपल्या घरातही घडलेली आहे. तिथे ती १९७१ ची, आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या अखेरीची.

केंद्राचे अधिकार आणि राज्यांचे अधिकार यांत फार वेळ घालवू नका. नोटा-नाणी, युद्ध, परराष्ट्रांशी करार हे केंद्राचं. शाळा, पोलीस, वाहनपरवाना हे राज्याचं. गाडीवरची एमएच १९ ची पाटी आठवली की वाहनपरवाना कुणाचा, हे चुकत नाही.

इतिहासात मात्र थांबावं असं आम्हाला मनापासून वाटतं. यादवी युद्ध, १८६१ ते १८६५. उत्तरेची राज्यं विरुद्ध दक्षिणेची, मुख्य कारण गुलामगिरी, राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन. बहुतेक जण हे चार तुकडे वेगवेगळे पाठ करतात आणि आठवड्यात विसरतात. पण या युद्धाचा आपल्या काळ्या जमिनीशी थेट संबंध आहे. दक्षिणेकडची शेती म्हणजे कापूस, आणि तो पिकवणारे हात गुलामांचे. उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना, आणि इंग्रज व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. खान्देशातला कापूस त्या वर्षांत कधी नव्हता इतक्या चढ्या भावाने गेला. त्याच दशकात मुंबईहून निघालेला जीआयपी रेल्वेचा मार्ग खान्देशात पोहोचला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, अमेरिकी कापूस परत बाजारात आला आणि मुंबईचा कापूसबाजार कोसळला. ज्याने उभं आयुष्य कापसाच्या भावाकडे बघत काढलं, त्याला हा क्रम एकदा सांगितला की १८६१-६५ पुन्हा सांगावा लागत नाही. दक्षिणेला गुलाम का हवे होते, उत्तर-दक्षिणेची अर्थव्यवस्था कशी वेगळी होती, गुलामगिरी कोणत्या युद्धाने संपवली, लिंकनने काय केलं, गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याने काय केलं, असे सगळे प्रश्न या एका धाग्यात येतात. जाहीरनामा १८६३ चा, म्हणजे युद्ध चालू असतानाचा, एवढी पुस्ती जोडावी.

याच रीतीने एका लांब कागदावर दोन ओळी आखून घ्या, वर तिथलं, खाली आपलं. १७७६ च्या जुलैत स्वातंत्र्याची घोषणा, १७८७ मध्ये घटना लिहिली गेली: दोन्ही पेशवाईच्या काळातल्या गोष्टी. १९२९ ला महामंदी सुरू झाली. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला नेहरूंच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन भरलं, त्याच्या आदल्याच महिन्यात फ्रँकलिन रूझवेल्ट दुसऱ्यांदा निवडून आले होते. मंदीत आणि दुसऱ्या महायुद्धात राष्ट्राध्यक्ष कोण, याचं उत्तर तेच. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बर, म्हणून अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. पुढच्या सप्टेंबरात नंदुरबारला शिरीषकुमार हुतात्मा झाला. ही वर्षं अशी शेजारी मांडली की त्यांना आधार मिळतो. वर्षांच्या नुसत्या तक्त्याने तसं होत नाही.

'युरोपीय लोक येण्याआधी अमेरिकेत कोण राहत होतं?' याचं उत्तर 'अमेरिकन इंडियन' किंवा 'नेटिव्ह अमेरिकन'. नुसतं 'इंडियन' म्हणून थांबायचं नाही. जमातीचं नाव विचारलं तर चेरोकी, नवाहो, अपाचे यांपैकी जे जिभेवर बसेल ते एकच पक्कं करावं.

मूळ तेरा राज्यांतली पाच नावं नव्या यादीत विचारतात, जुन्या यादीत तीनच होती. मुलं-नातवंडं जिथे राहतात तिथूनच नावं निवडा: न्यू जर्सी, न्यू यॉर्क, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, जॉर्जिया. ही पाचही त्या तेरांत आहेत. टेक्सास आणि कॅलिफोर्निया नाहीत, आणि नेमकी तीच नावं आधी सुचतात. ध्वजावर तेरा पट्टे ते याच तेरांचे, पन्नास तारे आजच्या पन्नास राज्यांचे. राष्ट्रगीत 'द स्टार-स्पँगल्ड बॅनर'. हा भाग एका संध्याकाळचा आहे.

रोज चार नवे प्रश्न आणि आदल्या तीन दिवसांची उजळणी, या चालीने सव्वा महिन्याच्या आत यादी एकदा पुरी होते. उजळणी तोंडी हवी, कारण परीक्षेत समोर चार पर्याय नसतात. नातवंडांनी तिकडून फोनवर विचारावं, हे सगळ्यात चांगलं. जळगावात सकाळी सात वाजतात तेव्हा हिवाळ्यात न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेआठ असतात, दोन्ही घरांना सोयीचं. नातवंडांचे उच्चार कानावर पडतात हा मोठा फायदा. मराठी माध्यमातून पाचवीनंतर इंग्रजी शिकलेल्या माणसाला शब्द माहीत असतो, पण तो ऐकू येत नाही. 'सिटिझन'मधला 'ट' तिकडे जवळजवळ 'ड' होतो, 'युनायटेड'चं 'युनायडेड' ऐकू येतं, 'सिनेटर'चंही तसंच. कळलं नाही तर गप्प बसू नये. 'प्लीज रिपीट द क्वेश्चन' एवढं वाक्य रोज म्हणून घ्यावं. पुन्हा विचारायला सांगितलं म्हणून काही बिघडत नाही.

लिहायला सांगतात ती वाक्यं छोटी असतात: 'सिटिझन्स कॅन व्होट', 'वी पे टॅक्सेस' या धर्तीची. तीन संधी, त्यातलं एक वाक्य जमलं की झालं. वाचनाचंही तसंच, तीनपैकी एक. दोन्हींची शब्दसूची ठरलेली आणि जाहीर आहे. तिच्या बाहेरचं इंग्रजी शिकत बसू नका. अर्थ कळत असेल तर स्पेलिंगची किरकोळ चूक चालते, पहिलं अक्षर मोठं काढलं नाही तरी चालते. संक्षेप मात्र चालत नाही. 'युनायटेड स्टेट्स' ऐकून 'यू. एस.' लिहिणं ही बँकेत नाहीतर तहसीलमध्ये नोकरी केलेल्यांची सवय, ती मोडावी लागते. आकडा अंकात लिहिला तरी चालतो. आम्ही रोज पाच वाक्यं लिहवून घेतो, दोनदा वाचून दाखवतो, तिसऱ्यांदा नाही. 'फेब्रुवारी' आणि 'वॉशिंग्टन' या दोन शब्दांना सगळ्यात जास्त कागद लागतो.

इतकं करूनही खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. इंग्रजी बोलता येतं की नाही, हे नागरिकशास्त्राच्या प्रश्नांवरून ठरत नाही. अर्जात तुम्ही जे भरलं त्यावर अधिकारी बोलतात, त्यावरून ठरतं. तो अर्ज बहुधा मुलाने भरलेला असतो आणि वडिलांनी फक्त सही केलेली असते. मग 'ओथ ऑफ अलीजियन्स म्हणजे काय?' असं विचारलं की सगळं अडतं. निष्ठेची शपथ, कायद्याने गरज पडली तर देशासाठी शस्त्र धरणं, लढाईवाचून सैन्यातली सेवा, हुकूमशाही पक्षाचं सदस्यत्व: अशा साऱ्या शब्दांचा अर्थ आधी मराठीत समजून घ्यावा, मग तोच अर्थ इंग्रजीच्या चार साध्या शब्दांत सांगायची सवय करावी. अर्जाची प्रत घेऊन प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचावा. यादीतल्या १२८ प्रश्नांइतकाच वेळ या अर्जाला द्या, असं आम्ही आग्रहाने सांगतो.

त्यातला एक प्रश्न खान्देशातल्या माणसाने दोनदा वाचावा: कधी अटक झाली आहे का, ताब्यात घेतलं गेलं आहे का? कापसाच्या किंवा केळीच्या भावासाठी रास्ता रोको केला, पोलिसांनी गाडीत घातलं, संध्याकाळी सोडलं. गावात याला कुणी अटक म्हणत नाही. अर्जात मात्र ते सांगावं लागतं, प्रकरण कितीही जुनं असो. खोटं सांगितल्याचा ठपका त्या रास्ता रोकोपेक्षा फार जड असतो. असं काही असेल तर अर्ज भरण्याआधीच तिथल्या इमिग्रेशन वकिलाला विचारावं.

मराठीतून परीक्षा देणाऱ्यांसाठी एक सूचना. दुभाषा बहुधा प्रमाण मराठी बोलणारा असतो आणि आपल्या आजी घरात अहिराणी किंवा लेवा बोली बोलतात. 'माले ठाऊक नही' हे त्याला समजेल, पण घाईत बोललेलं लांब वाक्य निसटू शकतं, आणि त्याने जसंच्या तसं भाषांतर करणं अपेक्षित असतं, सावरून घेणं नाही. म्हणून उत्तरं छोटी आणि प्रमाण मराठीत बसवून घ्यावीत. घटनादुरुस्ती, न्यायपालिका, सभागृह, नकाराधिकार हे शब्द त्यांच्या कानावरून गेलेले हवेत. घरच्या माणसाला दुभाषा करण्यापेक्षा त्रयस्थ बरा. मुलगा मध्ये उत्तर सुचवायला गेला तर अधिकारी त्याला थांबवू शकतात.

अभ्यास ऐन भरात असताना बऱ्याच जणांचं लक्ष उडतं, आणि कारण असतं सातबारा. शपथ घेतली की भारताचं नागरिकत्व संपतं, भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो, मतदान बंद होतं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड घेतलं तरी त्यावर नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. नावावर आधीपासून असलेली ठेवता येते आणि वारसाहक्काने आलेलीही. गावातल्या भावकीत याबद्दल भलतंसलतं बोललं जातं आणि म्हातारा माणूस रात्रभर जागतो. हे कागद वकिलाकडून आधीच तपासून घ्या, मगच पुस्तक उघडा. ज्याचं मन शेताच्या बांधावर अडकलं आहे त्याच्या डोक्यात बिल ऑफ राइट्स शिरत नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

मुलाखतीच्या आधीच्या आठवड्यात नवं काही घेऊ नये. फक्त बदलणारी उत्तरं तपासावीत: राष्ट्राध्यक्ष, उपाध्यक्ष, हाऊसचे सभापती, सरन्यायाधीश, आपल्या राज्याचे गव्हर्नर, सिनेटर आणि आपल्या मतदारसंघाचा हाऊसमधला सदस्य. छापील कागदावरचं नाव निवडणुकीनंतर बदललेलं असू शकतं आणि मुलाखतीच्या दिवशी पदावर असेल तेच नाव बरोबर धरतात. राज्याची राजधानीही पक्की करा. न्यू जर्सीची ट्रेंटन आहे, एडिसन नाही. श्रवणयंत्र वापरत असाल तर नवी बॅटरी घालून न्या. एखादा भाग राहिला तर तेवढाच भाग ६० ते ९० दिवसांत पुन्हा घेतात, त्याचं वेगळं शुल्क नाही. दुसऱ्यांदाही राहिला तर अर्ज फेटाळतात आणि नव्याने भरावा लागतो, त्याचं शुल्क सध्या ऑनलाइन ७१० डॉलर आणि कागदावर ७६०. म्हणून पहिल्या खेपेला काय राहिलं ते अधिकाऱ्यांनी दिलेल्या कागदावर बघून त्याच दिवशी लिहून ठेवा आणि मधले दोन महिने फक्त त्यालाच द्या.